बोंड्याला घरात घेणं

बोंड्याला आम्ही जन्मात एकच गोष्ट शिकवली होती. उंबऱ्याच्या आत यायचं नाही. ती तो इतकी नीट शिकला की तिच्यापायी त्याचा जीव जायची वेळ आली, आणि माझा तर भीतीनंच अर्धा गेला.

आमचं घर शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वस्तीत, डोंगराकडच्या शेवटच्या गल्लीत. रो-हाऊस म्हणायचं. म्हणजे तीन बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती आणि एका बाजूला आपलं दार. मागचं दार नाही. समोर कुणीतरी अर्धवट बांधून सोडलेला बंगला, त्याला लागून रिकामा प्लॉट, प्लॉटमध्ये वेड्या बाभळी, आणि त्यापलीकडं डोंगर. घर घेतलं तेव्हा आमची संस्कृती गच्चीवर उभी राहून त्या डोंगराचे फोटो काढायची. आता ती पुण्याला शिकायला गेली आहे, आणि दिवेलागणीनंतर त्या डोंगराकडं बघायची माझी छाती होत नाही.

दिवाळीच्या आसपास गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणाच्या तरी कॅमेऱ्यातला, काळापांढरा. कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या चालला होता, प्लॉट बघायला आलेल्या माणसासारखा सावकाश, इकडं तिकडं बघत. मी तो खोटा म्हणून सोडून दिला. आमच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतंच, कधी पोरं पळवणारी टोळी, कधी पाण्याचा टँकर. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बोंड्याची आई गेली. तांबडी कुत्री होती, प्लॉटमध्येच राहायची. आरडाओरडा काही झाला नाही. एकदाच केकाटल्याचा आवाज आला आणि मध्येच तुटला. सकाळी वाळूच्या ढिगावर काहीतरी ओढत नेल्याची खूण होती. बोंड्या आमच्या स्कूटरखाली अंग चोरून बसला होता, तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

वनखात्याची माणसं येऊन गेली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी पिंजरा लावला. त्यातल्या एकानं आमच्या दारात उभं राहून स्पष्ट सांगितलं, "तो कुत्र्यांसाठी येतोय. अंधार पडायच्या आत कुत्रं घरात घ्या. आणि तुम्हीही बाहेर बसू नका, खाली बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही."

कुत्रं घरात घ्या. त्यानं किती सहज सांगितलं.

आता आत्याबाईंबद्दल सांगायला पाहिजे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. सगळा जन्म सोयगावकडं कापसात गेला. सासरे गेल्यावर सोमनाथनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना इकडं आणलं. येताना त्यांनी एक ट्रंक आणली आणि एक लाकूड. लाकूड उंबऱ्याचं. बिल्डरनं दाराला उंबराच दिलेला नव्हता, हे त्यांना आदल्या खेपेला दिसलं होतं. "बिनउंबऱ्याचं घर म्हंजे बिनकाठाचं लुगडं," म्हणाल्या, आणि एसटीत कंडक्टरशी भांडून ते लाकूड घेऊन आल्या. सुताराकडून बसवून घेतलं. रोज सकाळी त्याला हळदीकुंकू.

बोंड्याला नावही त्यांनीच दिलं. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा होता म्हणून. भाकरी त्याच घालायच्या. पण नियम कडक. पिल्लू असताना तो दुडूदुडू आत यायला बघायचा, तेव्हा आत्याबाई वेळूची काठी उंबऱ्यावर आपटायच्या. टक्. नाही ऐकलं तर नाकावर. "कुत्र्यानं खावं, राखण करावी, पर उंबरा वलांडू नये. दोन पायाचं आन् चार पायाचं एक झालं की घराचं घरपण जातं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मला कुत्र्याची भीती वाटते, लहानपणापासून. लांबून माया करायला माझी हरकत नाही, पण ते ओलं नाक पायाला लागलं की मी पाय झटकून मागं सरकते.

थोड्याच दिवसांत काठी आपटायची गरज उरली नाही. बोंड्या उंबऱ्याशी यायचा, पुढचे पाय जुळवून थांबायचा, आणि आत भाकरीचं ताट पडलेलं असलं तरी नाक पुढं करायचा नाही. शेजारच्या राहतभाभी कौतुकानं म्हणायच्या, "क्या शिकवलंय हो तुम्ही. आमची पोरं इतकी ऐकत नाहीत." आत्याबाई पदर सावरून बसायच्या. मोठ्या मास्तरीणबाई.

आणि आता तोच बोंड्या घरात घ्यायचा होता. आठ-नऊ महिन्यांचं, उघड्यावर वाढलेलं, टांगाळं झालेलं कुत्रं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दार सताड उघडून आत भाकरी ठेवली. मग भाकरीवर दूध. मग मी फ्रिजमधला मटणाचा रस्सा काढला, गुरुवार असूनही आत्याबाईंनी चालवून घेतलं. बोंड्या उंबऱ्याशी येऊन थांबला. लाळ गळत होती, शेपटी हलत होती, पण पाऊल पुढं पडेना. उजेड कमी होत होता. राहतभाभींचा बकरा तेवढ्यात त्यांच्या घरात पाहुण्यासारखा मान वर करून शिरला. मी बोंड्याला म्हटलं, "बघ, बकऱ्याला अक्कल आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक पाऊल मागं घेतलं.

शेवटी आत्याबाई वैतागल्या. "ये की मुडद्या," म्हणून त्यांनी हात उगारला. बोलवायलाच उगारला होता, पण हात तोच होता ना. बोंड्या पळाला तो थेट प्लॉटमध्ये.

ती रात्र मी खिडकीशी काढली. बाहेर काही दिसत नव्हतं आणि पडदा सोडून आत यायचंही सुचत नव्हतं.  सकाळी तो पायरीवर बसलेला दिसला तेव्हा मी देवाला हात जोडले आणि मग त्याला दोन शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सोमनाथनं सरळ मार्ग काढला. त्याला वाळूजच्या कंपनीत दुसरी पाळी होती, दुपारी जायचा आणि मध्यरात्री यायचा. निघायच्या आधी त्यानं बोंड्याला पोत्यासारखं उचललं, आत आणून ठेवलं आणि दार लावलं. बोंड्या सोमनाथला कधी भ्यायला नाही. पण फरशीवर पाय टेकताच त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. तो तिथंच पसरला, थरथरत, आणि त्यानं मुतून टाकलं. मग सरपटत सोफ्याखाली गेला.

"आवं माय," आत्याबाई म्हणाल्या आणि सवयीनं काठीकडं वळल्या. सोमनाथनं काठी उचलली, गच्चीवर नेली आणि टाकीमागं टाकून दिली. "आई, आता शिकवणं उलटं करायचंय. ओरडायचं पण नाही."

सांगायला काय जातं. हा कंपनीत जाणार, घरात आम्ही दोघी आणि ते सोफ्याखालचं थरथरणारं जनावर. पहिल्याच दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर केलं. मी घरीच शिवणकाम करते, लग्नसराईचे दिवस होते. मी किंचाळले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या चपलेत. त्या किंचाळल्या. प्रत्येक वेळी आत्याबाई बादलीभर फिनाईल ओतून फरशी घासायच्या आणि पुटपुटायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही. आम्हाला वाटलं, शिकला. रात्री सोमनाथ आला, त्यानं बोंड्याला उचलून बाहेर ठेवलं आणि एका हातात बॅटरी, एका हातात लोखंडी गज घेऊन विजेच्या खांबापाशी नेलं, तर तो तिथं पाय वर करून इतका वेळ उभा राहिला की सोमनाथला घाम फुटला. चौथ्या दिवशीही तेच. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत एक थेंब नाही. सोफ्याखालून बाहेर येऊन तो दारापाशी जायचा, पुन्हा सोफ्याखाली शिरायचा, बारीक कण्हायचा. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. आमच्या किंचाळण्यानं तो एवढंच शिकला होता की या घरात हे केलं की काहीतरी भयंकर होतं. म्हणून तो धरून बसला होता. बाहेर बिबट्या, आत आम्ही. मला वाटलं, बिबट्याच्या तोंडातून वाचवून आपण याला असं मारणार.

संस्कृतीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, त्याला एक जागा ठरवून दे. आणि ओरडू नका ना गं."

"पुण्यात कुत्र्याला शिकवायचं बी कालेज हाय का?" आत्याबाई पलीकडून बोलल्या. पण त्या रात्री त्यांना झोप नव्हती, हे मला कुशी बदलण्यावरून कळत होतं.

सकाळी उजाडल्यावर बघते तर आत्याबाई बाहेर विजेच्या खांबापाशी खुरप्यानं माती काढतायत. बोंड्याचा तो खांब जन्मापासूनचा होता. त्यांनी घमेलंभर माती काढली, ती ओलसर, वासाची, आणि पदर नाकाला लावून घरात आणली. बाथरूमच्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं. ज्या बाईनं सोवळ्याओवळ्यापायी माझ्या माहेरच्यांना पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, त्या बाईनं.  मी तेव्हा काही बोलले असते तर त्यांनी घमेलं माझ्या डोक्यावर ओतलं असतं.

त्या दुपारी सोमनाथनं बोंड्याला आणून बाथरूममध्येच ठेवलं. आम्ही दोघी बाहेर, दाराच्या फटीतून बघत. त्यानं नाक वर केलं. घमेल्याला एक फेरी मारली. पुन्हा एक फेरी मारली. मग पाय वर केला, आणि आवाज आला तो संपेचना. आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला होता. "केलं बया त्यानं," म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी गुळाचा खडा आणला आणि जमिनीवर ठेवून त्याच्याकडं सरकवला. हातानं द्यायला गेल्या तर तो मागं सरकत होता.

त्यानंतर तो शिकत गेला. लागलं की बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. घमेल्यातली माती आत्याबाई बदलायच्या. सोफ्याखालून तो आधी सोफ्याच्या कडेला आला, मग माझ्या मशीनजवळ. मी पाय वर घेऊन शिवायचे. पण शिवायचे.

एवढं सगळं झालं, पण उंबरा मात्र त्यानं ओलांडला नाही. सकाळी आम्ही दार उघडलं की तो आतून उंबऱ्याशी जाऊन थांबायचा, सोमनाथनं उचलून बाहेर ठेवलं की दिवसभर बाहेर हुंदडायचा, आणि दुपारी पुन्हा उंबऱ्याशी येऊन, पाय जुळवून, उचलायची वाट बघायचा. आत यायला आता त्याला आवडत होतं. फक्त ते लाकूड सोमनाथच्या हातांनीच पार व्हायचं. आत्याबाईंना एवढं वजन उचलवत नव्हतं, आणि त्यांचा हात जवळ आला की तो अजूनही डोळे मिटून घ्यायचा. मी उचलायचा तर प्रश्नच नव्हता. आम्हाला वाटलं, चाललंय तसं चालू दे.

पिंजरा रिकामाच राहिला. ग्रुपवर नवा व्हिडिओ आला नाही. लोक पुन्हा रात्री शतपावलीला निघायला लागले. आणि सोमनाथची पाळी बदलली. पहिली पाळी, उजाडताच बोंड्याला बाहेर ठेवून निघायचं, दुपारी चारला घरी. आम्ही म्हटलं उत्तम, अंधार पडायच्या आत तो घरी असेल.

त्या दिवशी चारनंतर त्याचा फोन आला. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता, याला थांबवून घेतलं होतं. "बोंड्याला आत घ्या," म्हणाला. "प्रेरणा, तूच उचल. काही करत नाही तो. पोटाखाली हात घाल आणि उचल."

"नवाबभाईंना सांगते," मी म्हटलं. मग आठवलं, राहतभाभी आणि त्यांचे मालक नवाबभाई सकाळीच लासूर स्टेशनला लग्नाला गेले होते. बकऱ्यासकट, छोटा हत्ती टेम्पो करून. पलीकडची दोन घरं बंदच असतात.

मी आधी उशीर केला. एक ब्लाउज संपवला. मग चहा केला. आत्याबाई देवापाशी वाती वळत बसल्या होत्या, मधूनच दाराकडं बघत होत्या. बोंड्या उंबऱ्याशी आला होता, पाय जुळवून. मी दोन्ही हातांना ओढणी गुंडाळली आणि पायरीवर उतरले. डिसेंबर होता, सूर्य डोंगराआड गेला की लगेच अंधारतं. मी त्याच्या पोटाखाली हात घातला. त्याचं काळीज माझ्या हातावर धडधडत होतं, आणि माझं त्याहून जोरात. उचलायला गेले तसा तो आखडला आणि घशातून गुरगुरला. चावायचं म्हणून नाही, हे मला आता कळतं. तेव्हा माझे हात आपोआप सुटले. तो उडी मारून पायरीखाली गेला आणि मी दारात.

"आन परत," आत्याबाई म्हणाल्या.

"मला नाही जमत, आत्याबाई."

"बरं," म्हणाल्या. रागावल्या नाहीत, त्यानंच मला जास्त लागलं.

मी पुन्हा हाक मारली. बोंड्या पायरीवर आला, पण त्याचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. त्याच्या पाठीवरचे केस शेपटीपर्यंत उभे राहिले होते. तो समोरच्या अर्धवट बंगल्याकडं बघत होता. तिथं बिनकठड्याचा जिना आहे, उघडाच. त्या जिन्यावर सिमेंटचं एक पोतं ठेवलेलं मला दिसलं. कुणी ठेवलं असेल, एवढाच विचार माझ्या मनात आला. मग पोत्याची शेपटी हलली.

  मधे फक्त गल्ली होती. दोन स्कूटर शेजारी-शेजारी जातील एवढी. ते जनावर आमच्याकडंच बघत होतं, बोंड्याकडं आणि माझ्याकडं सारखंच, घाई नसल्यासारखं. माझा हात दाराच्या कडीवर होता. मला दार लावून घ्यायचं होतं. बोंड्या बाहेर असताना. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

आत्याबाई माझ्या मागं कधी आल्या कळलं नाही. त्यांनी बघितलं. माझा हात कडीवरून काढला. "दार लावू नको," म्हणाल्या, अगदी हळू. मग बोंड्याला, "ये. ये माझ्या राजा."

बोंड्या आला. उंबऱ्यापर्यंत आला. पुढचे दोन पाय जुळले आणि तिथंच थांबला. सगळं अंग लटलटा कापत होतं, मागं मरण उभं होतं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी तो थांबला. आणि त्याचे डोळे आत्याबाईंच्या हाताकडं होते. हातात काही नव्हतं. तरी तो हाताकडंच बघत होता.

आत्याबाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "बघ, नाय काय हातात. ये." तो एक पाऊल मागं गेला. समोर ते जनावर जिन्याची एक पायरी उतरलं. मग अजून एक. उतरताना खांदे वरखाली होत होते, ते मला आजही डोळे मिटले की दिसतात.

आणि आत्याबाई खाली बसल्या. उंबऱ्यावरच बसल्या. आमच्यात उंबऱ्यावर कुणी बसत नाही, दिवेलागणीला तर नाहीच. लक्ष्मी यायची वेळ असते. माझे वडील एकदा चुकून टेकले होते तर आत्याबाईंनी त्यांना, व्याह्याला, हात धरून उठवलं होतं. त्या बाई भर दिवेलागणीला उंबऱ्यावर मांडी पसरून बसल्या, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, की लाकूड दिसूच नये. तोंड गल्लीकडं, बिबट्याकडं. आणि माझ्या कानात त्या वनखात्यातल्या माणसाचे शब्द वाजले, खाली बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही.

"आत्याबाई, उठा," मी म्हटलं. रडतच म्हटलं. "तुम्ही उठा. राहू द्या त्याला."

त्यांनी ऐकलं नाही. मांडीवर पदर पसरला आणि त्यावर हात ठेवले, तळवे वर. "उंबरा नाय आता हितं," बोंड्याला म्हणाल्या. "म्या हाय. माझ्यावरून ये."

बोंड्यानं त्यांच्याकडं बघितलं. एक पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. समोर जिन्यावर आता काही नव्हतं, आणि ते जास्त भयंकर होतं. कुठं गेलं ते मला दिसत नव्हतं. मी आत्याबाईंच्या काखेत हात घातले. बोंड्यानं दुसरा पाय ठेवला, आणि मग तो सगळाच त्यांच्या अंगावर आला, छातीवर, तोंडावर, आणि मी दोघांना मिळून मागं ओढलं. कुठून जोर आला माहीत नाही. आत्याबाई पाठीवर पडल्या, बोंड्या त्यांच्यावर, मी पायानं दार ढकललं आणि कडी लावली.

बाहेर आमची स्कूटर पडल्याचा आवाज झाला.

मग बराच वेळ काही नाही. दाराच्या पलीकडून श्वास आल्यासारखा वाटत होता, खरा की माझ्या मनाचा, देव जाणे. बोंड्या आत्याबाईंच्या मांडीत शिरून दाराकडं बघत होता. त्यानं त्यांच्या लुगड्यावर मुतलं होतं, ते फरशीवरून देव्हाऱ्याकडं वाहत चाललं होतं. मी फडकं घ्यायला उठले तर आत्याबाईंनी हातानं थांबवलं. तोच हात त्यांनी त्याच्या डोक्यावरून फिरवला, आणि त्यानं डोळे मिटले, जसे रोज मिटायचा तसेच, मार बसणार म्हणून. आत्याबाईंचा हात तिथंच थांबला. मग त्या रडल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. "लई मारलं रे तुला म्या," म्हणत होत्या, "एवढुसं व्हतास. लई मारलं."

मी ग्रुपवर कळवलं होतं, त्यामुळं सोमनाथ आला तेव्हा गल्लीत चार-पाच माणसं बॅटऱ्या घेऊन उभी होती. स्कूटरच्या सीटवर ओरखडे होते. दुसऱ्या दिवशी वनखात्यानं पिंजरा आमच्या समोरच्या प्लॉटमध्येच आणून लावला. बिबट्या काही त्यात आला नाही. पुढं डोंगराच्या पलीकडल्या अंगाला कुणाला तरी दिसला म्हणतात.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी आत्याबाईंनी हळदीकुंकवाची वाटी घेतली नाही. सोमनाथ रजा घेऊन घरीच होता, चहा पीत होता, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सोमा, त्यो उंबरा काढ."

"आई, कशाला? सोयगावहून आणलेला तू..."

"काढ म्हनते ना."

सोमनाथनं पहार आणली. लाकूड चांगलंच बसलं होतं, चौकटीचा टवका निघाला तेव्हा कुठं सुटलं. खाच उरली ती त्यानं सिमेंटनं लिंपली आणि फरशीसारखी सपाट केली. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. ते लाकूड त्यांनी कुठं ठेवायला सांगितलं नाही, सोमनाथनंच गच्चीवर नेलं.

दोन दिवसांनी सिमेंट वाळलं. तोवर सोमनाथच त्याला उचलून आत-बाहेर करत होता. त्या दिवशी दुपारी दार सताड उघडलं आणि आम्ही तिघंही आत, जरा लांब उभे राहिलो. बोंड्या गल्लीतून पळत आला, शेपटी हलवत, दोन पायऱ्या एका उडीत चढला. आणि थांबला. बरोबर तिथंच. पुढचे दोन पाय जुळवून. त्याच्यासमोर सपाट फरशी होती, लाकूड नव्हतं, रेघसुद्धा नव्हती. त्यानं मान वाकडी करून आमच्याकडं बघितलं.

 मग आत्याबाई पुढं झाल्या, भिंतीला हात लावत, गुडघे धरत खाली बसल्या आणि मांडीवर पदर पसरला. बोंड्या त्यांच्या मांडीवरून आत आला आणि बाथरूमकडं गेला.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. सोमनाथची पाळी कोणतीही असो, आता तो उचलायला गेला तर बोंड्या त्याला हुलकावणी देतो आणि आत्याबाईंची वाट बघतो. ऊन उतरलं की आत्याबाई दारात बसतात, तो त्यांच्यावरून आत येतो, मी दार लावते. मग त्यांना उठवायला आम्हाला दोघांचे हात लागतात. थंडीत त्यांचे गुडघे फार दुखले तेव्हा मी म्हटलं, आज मी बसते. भीती वाटत होती तरी बसले, तशीच मांडी पसरून, पदरासारखी ओढणी पसरून. बोंड्या आला, माझ्या हाताचा वास घेतला, हात चाटलासुद्धा. पण माझ्यावरून आत आला नाही. पायरीवर उभा राहून माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला, आत्याबाई कुठं आहेत ते.